आजोबांचं विमान आणि माझी शिडी

२ फेब्रुवारी
आजोबांच्या संग्रहालयाचं उद्घाटन १९ तारखेला. जागा म्हणजे ज्या शेडमध्ये त्यांनी या भागातलं पहिलं विमान बांधलं, तीच. डायरेक्टर मी. पगार नाही, पण पाटीवर नाव येणार. एकच काम उरलंय : विमानाचं मॉडेल छताला टांगणं. सुतार म्हणाला, मी टांगून देतो. साफ नाही म्हटलं. त्या निधड्या छातीच्या माणसाचं विमान त्याच्या नातवानेच टांगायला हवं. उडणं आमच्या रक्तातच आहे. उद्या सकाळी शिडी चढणार.

३ फेब्रुवारी
चढलो. तिसऱ्या पायरीवर फलकासाठी एक झकास वाक्य सुचलं. विसरू नये म्हणून खाली येऊन लिहून घेतलं : 'भीती हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता.' इतकं चांगलं वाक्य झाल्यावर पुन्हा चढायची घाई कशाला?

५ फेब्रुवारी
वारा होता. ही म्हणाली, शेडच्या आत कसला आलाय वारा? बायकोला एरोडायनॅमिक्स समजावत बसलो नाही.

८ फेब्रुवारी
शिडीच हलते. सुतार म्हणतो, ठणठणीत आहे. त्याच्या घरची शिडी, तो आणखी काय म्हणणार!

११ फेब्रुवारी
उड्डाणाचा एकमेव फोटो भिंतीवर लावला. एकट्याने. (डोळ्यांच्या उंचीवर.) गॉगल, कानटोपी, मफलर. आजोबांचा चेहरा दिसत नाही, पण हनुवटी थेट माझी. आरसा आणून ताडून पाहिली.

१५ फेब्रुवारी
गुडघा. हिने विचारलं, काल बसमागे धावलात तेव्हा गुडघा कुठे होता? बाम शोधायला गेलो.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
विमान टांगलं! टीमवर्क. म्हणजे ही बाह्या सरसावून वर गेली, हूक अडकवले, तार ओढली आणि खाली आली. नियोजन माझं. शिवाय पूर्ण वेळ मी शिडी धरून होतो. आत्या, म्हणजे आजोबांची मुलगी, उद्या फीत कापायची म्हणून आजच आली. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. कौतुकानेच असणार.

१९ फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नाही.
माझं भाषण छान झालं. टाळ्या पडल्या. मग आत्या फोटोपुढे थांबली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, अगंबाई, ही तर आई! विमान दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधलं खरं, पण माळ्यावर चढायचं म्हटलं तरी त्यांना घेरी यायची. उडवलं आईने. दादा खाली डोळे गच्च मिटून, उतरलीस का, उतरलीस का, म्हणून ओरडत होते. इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणे, कुणी विचारलंच नाही. वर माझ्या गालाला हात लावून म्हणाली की तू अगदी दादांवर गेलायस. सगळी शेड हसली.

२० फेब्रुवारी
वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. शाळेपासून मी लोकांना आजोबांच्या उड्डाणाचंच सांगत आलो. आता हनुवटी आजीची निघाली आणि बाकी सगळं आजोबांचं.
संग्रहालयाच्या समितीने पाटी बदलायचं ठरवलं. आजीचं नाव वर, आजोबांचं खाली. माझं, जागा उरली तर. मी जाहीर केलं की ही पाटी दारावर मी स्वतः लावणार. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

२४ फेब्रुवारी
पाटी लागली. आज चौथ्या पायरीपर्यंत गेलो. प्रगती आहे. उरलेल्या हिने केल्या. वरून हिने ओरडून विचारलं, सरळ आहे का? एकदम सरळ, असं मी ठामपणे सांगितलं.

२५ फेब्रुवारी
पाटी तिरकी आहे. येणारा-जाणारा मान वाकडी करून वाचतो. हिने विचारलं, काल खाली उभे राहून नेमकं काय बघत होतात? वारा, गुडघा, उन्हाची तिरीप, सगळं तयार होतं. पण तोंडातून खरं तेच निघून गेलं. म्हटलं, डोळे मिटले होते. तू वर होतीस ना.
तिने बाह्या सरसावल्या. म्हणाली, शिडी आणा.