पास्ड आउट म्हणजे वारणं नव्हे

प्रिय मामंजी,

तुमची नात बरी आहे. आधी तेवढं सांगते. मधुरा बरी आहे हो! परवा मी तिच्याकडे इंग्लंडला निघतेय. बॅग भरताना वाटलं, सगळ्या पावण्यारावळ्यांना सांगून झालं, पण ज्यांना सांगायला हवं ते तुम्हीच राहिलात.

तुम्ही गेलात तेव्हा ती नर्सिंग शिकत होती. आता तिकडच्या दवाखान्यात नर्स आहे. दोन महिन्यांपूर्वी दुपारी फोन आला, तो ह्यांनी उचलला. तिच्या वॉर्डातली एक बाई घाईघाईनं इंग्रजी बोलत होती. ह्यांना ‘मधुरा’ कळलं आणि ‘पास्ड’ कळलं. तुमचा लेक मटकन खाली बसला, म्हणाला, “गेली गं आपली पोरगी!” ते ऐकून तुमच्या मंडळींनी, आत्याबाईंनी, असा हंबरडा फोडला, की शेजारीपाजारी दारात जमले.

मी फोन घेतला. तोंडातून आपोआप निघालं, “पास्ड अवे? ऑर पास्ड आउट?”

“नो, नो! पास्ड आउट. शी हॅज कम राउंड!”

म्हणजे चक्कर येऊन पडली होती, आणि शुद्धीवरही आली होती! ती बाई “होल्ड ऑन” म्हणाली. मी थांबले. मग आवाज आला, “आई, बरी हाय गं मी.”

मामंजी, जीव कसा भांड्यात पडला म्हणून सांगू! “अवो, जित्ती हाय पोरगी! निस्ती चक्कर आल्ती!” मी ओरडले, आणि मग मीच रडत बसले. अंगात रक्त कमी, त्यात उपाशीपोटी ड्युटी. औषधं चालू आहेत, आता चांगली हिंडतेफिरते.

मी दहावी झालेली राधानगरीची मुलगी. कागलच्या शाळेतून निवृत्त होऊन तुम्ही घरी बसलात आणि तुमचं इंग्रजी माझ्या मागे लागलं. आठवतं? “साखर संपली, तर काय म्हणशील? शुगर हॅज रन आउट!” मी विचारलं, “पळून गेली होय साखर?” तुम्ही एवढे हसलात, की चहा सांडला. मग म्हणालात, “आपल्या मराठीत न्हाई व्हय? बोलणं येगळं, बोलून टाकणं येगळं, बोलून बसणं तर त्याहून येगळं! तसंच हाय की हे. गिव्ह म्हंजे देणं, गिव्ह अप म्हंजे नाद सोडणं.”

पण एक सांगू? तुम्ही पावण्यांसमोर मला हसायला नको होतं. मी ‘लुक आफ्टर’च्या जागी ‘लुक फॉर’ म्हणाले. सासूला सांभाळते म्हणायचं होतं, सासूला शोधते म्हणाले. तुम्ही ते दहा जणांत सांगितलंत, तेही तुमच्या त्या मोठ्या आवाजात! माझे कान तापले. “मला न्हाई शिकायचं,” म्हणाले, आणि तुम्ही दोनदा बोलावलंत तरी आले नाही.

मग तुम्ही आत्याबाईंना शिकवायला लागलात. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत असायची आणि तुम्ही बाहेरच्या सोप्यातून ओरडायचा, “ऐक गं! पास अवे म्हंजे वारणं. पास आउट म्हंजे चक्कर यिऊन पडणं. आन् शुद्धीवर आलं की कम राउंड!” आत्याबाई वैतागायच्या, “मला कशाला सांगतायसा? मी काय साहेबाशी बोलणार हाय?”

त्यांना कुठं सांगत होता तुम्ही? मलाच ऐकवत होता. हे मला त्या फोननंतर कळलं. माफी मागायचा तुमचा तो मार्ग होता का? मला तेव्हाच का नाही कळलं? एकदा तरी आतून हाक देऊन म्हणायला हवं होतं, “ऐकतेय मी, मामंजी.” तुम्ही आजारी पडलात, आणि ते राहूनच गेलं. आज म्हणते. सगळं ऐकलं होतं मी.

ह्यांना सुट्टी नाही, म्हणून एकटीच चाललेय. काल व्हिसा आला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “तिथं कुणी काय इचारलं तर निस्ती मान हलव.” पण नाही! तुम्हाला शब्द देते, मान हलवून गप्प बसणार नाही. चुकेन, कुणी हसलं तर मीही हसेन, पण बोलेन. मधुराच्या डॉक्टरांना तिच्या तब्येतीचं मी स्वतः विचारीन, आणि त्यांचं उत्तर नीट कळेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.

तुमची सून,
सुनंदा