मागे नांगर नाही

चिंचवड, नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप आबांना कलावतीचा वाकून नमस्कार. आईलाही वाचून दाखवा.

ज्योतीरामदादाला ट्रकवर घेतील असे वाटते. आजवर त्याने शेतात ट्रॅक्टरच चालवला, म्हणून मालक अजीजभाई तयार नव्हते. मीच म्हटले, "ज्याला यंत्र कळते, त्याला संधी तरी द्या."

काल पिंपरीच्या रस्त्यावर त्यांनी त्याची परीक्षा घेतली. हात चांगला आहे. फक्त नांगरटीच्या सवयीने तो सारखा वळून मागे बघत होता. समोरून बैलगाडी आली तेव्हा अजीजभाईंनीच चाक फिरवले. मग हसून म्हणाले, "अहो पाटील, मागे नांगर नाही! पुढे बघा!"

आज तो भरलेला ट्रक घेऊन बोरघाट उतरणार आहे. नीट उतरला तर नोकरी पक्की. अजीजभाई शेजारी आहेत, तेव्हा काळजी नसावी. वहिनीला मात्र घाटाचे सांगू नका. आईचा खोकला कसा आहे?

दादाची भाकरी घरीच राहिली. ती घेऊन मी रस्त्यापर्यंत धावले. ट्रक नुकताच हलला होता, हाक सहज ऐकू गेली असती. पण मी हाक मारली नाही, आबा. त्याने वळून पाहिले असते.

तुमची लेक,
कलावती