दारातली पायरी

११ ऑक्टोबर, रविवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. छोटीचा पुढचा दात पडलेला फोटो पाहिला. बोळक्या तोंडाची अगदी म्हातारी दिसतेस म्हणावं तिला! आमचं इकडे ठीक चाललंय. फोनवर मी नुसतं हो-नाही करते म्हणून तू चिडलास, पण अरे, फोन वाजला की आई कान लावून शेजारी बसते. तिच्यादेखत तिच्याबद्दल काय बोलणार? म्हणून आज लिहायला बसले.

दारातली पायरी मोठी करून घेतली, हे तुला माहीत आहेच. ती चिंचोळी पायरी म्हणजे एक पाय ठेवला की दुसऱ्याला जागा नाही. आईच्या वॉकरचे पुढचे पाय पायरीवर आले की मागचे उंबऱ्यात अडकायचे. एकदा तशीच पडली, कपाळाला खोक पडली, आणि तिने बाहेर पडायचंच सोडलं. दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची.

गवंडी मोठा बोलका निघाला. आईने दारात खुर्ची टाकून त्याच्यावर मुकादमी केली. "उतार बाहेरच्या बाजूला दे रे बाबा, नाहीतर पाणी घरात येईल." तो म्हणाला, "आजी, थापी तुम्हीच घ्या, मी बसतो खुर्चीत." इतकी हसली रे! सिमेंट वाळेपर्यंत तिला दम निघत नव्हता. मग पायरीवर खुर्ची टाकून बसायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी, भाजीवाल्याशी हुज्जत. मला वाटलं, जिंकलं आपण.

इथवर तुला सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नाही.

दादा, ती पायरी एकटीने उतरायला लागली. एकदा बेकरीतून आले तर खुर्ची रिकामी. शोधत शोधत गेले, तर सूतगिरणीच्या फाटकाशी उभी. वॉकर घेऊन तेवढ्या लांब कशी पोचली कोण जाणे. वॉचमनला विनवत होती, "पहिली पाळी सुरू झाली, माझं मशीन रिकामं आहे, सोड ना आत." निवृत्त झाल्याचं तिच्या गावीही नव्हतं. मी हात धरला तर मला म्हणाली, "बाई, आजच्या दिवस खाडा लावू नका." घरी येईपर्यंत मी तिची कोणी नव्हते.

त्यानंतर ती ट्रकसमोर गेली. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून वाचली. तो खाली उतरून मला नाही नाही ते बोलला, आणि मी ऐकून घेतलं.

मग मी दाराला बाहेरून कुलूप लावून कामावर जाऊ लागले. तसं करण्याआधी एक बाई ठेवून पाहिली होती. आईने तिला चोर ठरवून हाकललं. रजा तर कधीच संपल्या होत्या. संध्याकाळी कुलूप काढलं की तिच्या हातांची बोटं सुजलेली असायची, दार बडवून. आणि मलाच विचारायची, "हाताला काय झालं गं माझ्या?" मी तेल चोळत बसायची.

शेवटी गवंड्याला परत बोलावलं. त्याचा मेहुणा वेल्डर आहे. पायरीभोवती जाळी आणि जाळीला दार करायचं ठरवलं. निदान उजेडात बसेल, माणसं दिसतील. आईला सांगितलं, कुत्री येतात म्हणून. वेल्डरने कडी कुठे लावू म्हणून विचारलं. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, तेवढ्यात आईच म्हणाली,

"बाहेरून लाव. आणि अगदी खाली लाव, माझा हात पोचायला नको."

वेल्डर माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"आत्ता मला कळतंय, तोवर सांगून ठेवते," ती मला म्हणाली. "नंतर मी तुला शिव्या देईन. तू लक्ष देऊ नकोस."

काल सकाळी पहिल्यांदा ती कडी लावली. खुर्ची, डबा, पाण्याची बाटली सगळं तिच्याजवळ ठेवलं. ती आतून म्हणाली, "हलवून बघ गं, बसली का नीट." मी हलवून पाहिली. बसली होती. "जा आता, उशीर होईल."

वळणापर्यंत पोचते न पोचते तोच मागून हाक आली, "अहो बाई! मला कुणीतरी कोंडलंय हो! माझी पोरगी भेटली तर तिला सांगा ना, ती काढेल मला!"

मी थांबले. मागे वळले असते तर पुन्हा पाय निघाला नसता. मी कामावर गेले रे दादा.

तुला ये म्हणून लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुझ्या अडचणी मला कळतात. आणि तू येऊन तरी काय करशील, हेही सुचत नाही. तरी ये. मला रागव, हे कसलं वागणं म्हण, काहीही म्हण, पण एकदा इथे उभा राहून बघ.

उद्या सोमवार. सकाळी पुन्हा लावायची आहे.

तुझी,
धाकटी