ओव्हनात भाजलेली नळकांडी

चिरंजीव धाकट्या भावास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, आणि त्याच्या पाठोपाठ तक्रार. तुझा खोकला उतरला का? भावजयीचा गुडघा काय म्हणतो? कपबशांची भट्टी नीट तापते ना? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहायला लावते. खरं विचारशील तर कोणीच खुशाल नाही आणि त्याला तू जबाबदार आहेस. फोन का नाही केला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागतं, आणि हे सुख मला साठ वर्षांत पहिल्यांदा मिळतंय.

पत्र लिहून घेतोय तो माझा नातू, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं तोच. बाकी कोणाला वेळ नाही. मी सांगेन ते एकही शब्द न गाळता लिहायचं, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. (गाळत नाहीये, म्हणतो. मला अक्षर येत नाही, तेव्हा विश्वास ठेवण्यावाचून इलाज नाही.)

तर त्याने ती जुनी गाडी घेतली हे तुला ठाऊक आहेच. साधी नाही, टर्बोची. टर्बो म्हणजे काय ते त्याने मला चमचे मांडून समजावलं. इंजिनातून जो जळका वारा बाहेर पडतो त्याच्यावर एक भिंगरी फिरवायची, आणि त्या भिंगरीने इंजिनाच्याच तोंडात आणखी हवा कोंबायची. म्हणजे जेवून उठलेल्याच्या ढेकरेवर त्याचंच पुढचं ताट वाढायचं. असो, चालते म्हणे. इंजिनातून चार नळकांडी निघतात आणि पुढे एकाच तोंडात मिळतात, त्या सगळ्याला मिळून हेडर म्हणायचं. ती तापून लाल होतात, बॉनेटखालची बाकीची मंडळी विनाकारण भाजून निघतात, आणि भिंगरीपर्यंत पोचायची धग वाटेतच उधळली जाते. म्हणून नळकांड्यांना सिरॅमिकचा लेप द्यायचा, तुझ्या कपबशांच्या जातीतला. मग उष्णता आतल्या आत राहते. इथपर्यंत मला पटलं. किटलीला आपण टोपडं घालतोच की.

आता मुद्द्याचं. त्याचं गॅरेज बंद पडून सहा महिने झाले. पोरगा सकाळी उठतो, दाढी करतो, बूट घालतो आणि मागच्या अंगणात जाऊन बसतो. मला ते बघवत नाही. फाटकापलीकडे असाच लेप देण्याचा एक कारखाना आहे, त्यांना माणूस हवाय. मालक जाड चष्म्याचा आणि तोलून मापून बोलणारा. तो म्हणाला, तुझ्याच गाडीचं हेडर घरी लेप देऊन आण, हात बघतो, मग नोकरीचं बोलू. ओव्हनात भाजून पक्का होणारा लेप डब्यात मिळतो म्हणे. आणि हा गेला तुला विचारायला. तू काय सांगितलंस? भाज की आजीच्या ओव्हनात. माझ्या ओव्हनात, रे? स्वतःच्या भट्टीच्या दाराला कोणी बोट लावलं तर तुला ताप चढतो, आणि बहिणीचा ओव्हन तुला धर्मशाळा वाटला?

तो ओव्हन माझ्या संसाराइतका जुना आहे. सुनेच्या नव्या ओव्हनावर पंधरा बटणं आणि प्रत्येकावर अक्षरं. मला त्यातलं एक कळत नाही. माझ्या ओव्हनाला एकच कान आहे, तो मी न बघता पिळते आणि बोटाला कळतं, आता पाव टाकावा की बिस्किटं. घरात मी कोणाला न विचारता वापरू शकते अशी ती एकच वस्तू होती. होती म्हणाले, नीट लिही.

नातवाने तीन दिवस अंगणात बसून नळकांड्यांचा गंज काढला. वाळूचा मारा करायचं यंत्र कुठून तरी मागून आणलं, मग थिनरने धुतली, पुसली, पुन्हा धुतली. हातात मोजे घालून, धुतलेल्या पंचावर, न्हाऊ घातलेल्या बाळासारखी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली. (हा मुलगा जेवायच्या आधी हात धुवायला आजतागायत कुरकुरतो.) कारण काय, तर माणसाच्या बोटाचं तेलही त्यांना चालत नाही. हे कारण मला कधी सांगितलं? सगळं झाल्यावर. आधी काय केलं, तर एक चिठ्ठी लिहून टेबलाला चिकटवली, हात लावू नये, आणि फवारणीचं पिस्तूल मागायला निघून गेला. ज्या घरात अख्खा दिवस एकटी मी असते, त्या घरात चिठ्ठी. म्हणजे ती वाचायची कोणी, बरण्यांनी? तोंडाने दोन शब्द सांगितले असते तर जीभ झिजली असती का? मी काही हात लावला नाही, हा भाग वेगळा. (इथे नातू लिहायचा थांबला. रिफील अडकतेय म्हणतो.)

मग परत येऊन त्याने अंगणात लेप फवारला, सुकवला, आणि माझा ओव्हन पेटवून आत नळकांडी. तासभर ते भाजत होतं आणि मी खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते. पडद्यांना वास, उशीला वास, माझ्या अंबाड्याला वास. सून तर ओढणीने नाक बांधून फिरत होती. आणि सगळ्यावर कडी ऐक. डब्यावर लिहिलेलं होतं म्हणे की या ओव्हनात पुन्हा खायचं काही भाजू नये. म्हणजे तेही लिहिलेलंच. या घरात माझ्याविरुद्ध जे काही ठरतं ते लेखी ठरतं.

निघाली तेव्हा चंदेरी पांढरी, गुळगुळीत. नातवाचं तोंड सहा महिन्यांनी उजळलेलं पाहिलं, तेव्हा खोटं कशाला बोलू, ओव्हन गेल्याचं दुःख घटकाभर विसरले. सकाळी पाहतो तर लेपाला फोड. वार ठरलेला, म्हणून तशीच घेऊन गेला. मालकाने नखाने एक टिचकी मारली आणि कपचा उडून त्याच्याच चहात पडला. त्याने तो चमच्याने काढून बशीत ठेवला आणि म्हणाला, "ज्याला पुसता येत नाही त्याच्या हातात मी रंग कसा देऊ?" मग काय दया आली कोण जाणे, महिनाअखेरपर्यंत जागा रिकामी ठेवतो म्हणाला, तोवर जमलं तर दुसऱ्यांदा आण.

पुसता येत नाही. माझ्या नातवाला. या वाक्याने माझं जे डोकं फिरलंय ते अजून जाग्यावर आलेलं नाही. तीन दिवस नखं झिजवली त्या पोराने. त्या चष्म्याला एवढं दिसत नसेल तर काचा आणखी जाड कराव्यात. दोष डब्यातल्या मालाचा असेल, हवेचा असेल, तुझ्या सल्ल्याचा तर आहेच आहे. पोराचा नाही. हे वाक्य ठळक काढायला सांगितलंय, काढलंय का बघ.

भावजयीला गुडघा शेकायला सांग. मी रागावले आहे हे तिलाही सांग, म्हणजे तुला घरातही ऐकावं लागेल.

तुझी आक्का
(सहीच्या जागी अंगठा आहे, तो माझाच आहे)

ता. क. अक्षर बदललेलं दिसेल. नातू टपालाचं तिकीट आणायला गेलाय, आता सून लिहितेय. भाऊ, लेप मी बिघडवला. टेबलावर ती नळकांडी कोरडी ठणठणीत पडलेली दिसली. ओव्हनात जायचं ते भांडं आधी तेलाने पुसायचं, नाहीतर चिकटतं, हे मी आयुष्यभर करत आले. ब्रशाने चारी नळकांड्यांना तेल लावलं आणि चमकू नये म्हणून वरून फडक्याने टिपलं. मला वाटलं, पोराला तेवढीच मदत. आता त्याला सांगायला तोंड उघडत नाही. तुझी भट्टी त्याला एक दिवस दे. या महिन्यातच दे. मी वर जे जे बोलले ते सगळं मागे घ्यायला तयार आहे, फक्त फोनवर बोलून दाखवायला लावू नकोस.

आणखी ता. क. ओव्हन त्याच्याकडेच राहू दे, त्याला सरावाला लागेल. नळकांडी गाडीला बसली की पहिली चक्कर माझी, पुढच्या सीटवर. सून नको नको म्हणतेय, तरी तिला लिहायला लावलंय.

मामा, ही ओळ मी माझ्या मनाने लिहितेय. त्याला सगळं फोड दिसले त्याच सकाळी कळलं होतं. लेप लांब पट्ट्यांनी सुटला होता. त्याने आईंचा तेलाचा ब्रश शेजारी धरून पाहिला, रुंदी तंतोतंत तेवढीच. मालकाला त्यानेच सांगितलं की पुसायला माझ्याकडून राहिलं. भट्टी मागणारं त्याचं वेगळं पत्र तुम्हाला मिळेलच, त्यात आईंचं नावही नसेल. तुम्ही दोघांनाही हो म्हणा आणि दोघांनाही कारण विचारू नका. आई आता विचारताहेत की एवढं काय लिहितेस. मी त्यांना हे सगळं ‘सुनेचा नमस्कार’ असं वाचून दाखवणार आहे.