सतरा नंबरची खुर्ची

रविवार, दुपार

प्रिय अमृत,

ठण्ण! (नमस्कार ओळखीचा वाटला असेल तरच पुढे वाच.) जुन्या नाट्यमंदिरात दोरीला टांगलेला आगगाडीच्या रुळाचा तुकडा, त्यावर हातोड्याने तिसरी घंटा, आणि पडद्यामागून येणारा धुपाचा वास. सातवीत असताना ती घंटा मी एकदाच दिली, पण साठ वर्षं ती कानात वाजतेच आहे. (डॉक्टर म्हणतात, कानात मळ आहे. डॉक्टरांना कविता कुठली शिकवतात?) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींना नमस्कार, नातवंडांना पाढे विचार.

नव्या नाट्यगृहात पहिल्या प्रयोगाची तिसरी घंटा आपण द्यावी, एवढीच माझी इच्छा उरली होती. ती कशी बुडाली ते सविस्तर लिहितो.

पुण्याच्या वास्तुविशारदाने इमारत कमळासारखी काढली आहे. एसटीतली माणसं मात्र साखर कारखाना आला म्हणून तिथं उतरतात. नाट्यगृहाच्या मंडळाने त्याला अट एकच घातली होती, रंगमंचावर सत्काराच्या एक्कावन्न खुर्च्या मावल्या पाहिजेत. खुर्च्या मावल्या, विंगा मावल्या नाहीत. परवा रंगीत तालमीत नायिका जीव द्यायला डावीकडे धावली ती थेट मोटारसायकलींच्या स्टँडवर निघाली, आणि परत येताना वॉचमनने तिला पास मागितला. (जीव वाचला, अंक गेला.) प्रेक्षागृहात पुढे मान्यवरांचे सोफे, आणि त्यांच्या पाठी इतक्या उंच, की मागच्यांना नटाचा फक्त फेटा दिसतो. म्हणून मंडळ यापुढे फेट्याचीच नाटकं घेणार आहे.

आवाजाचं तर विचारू नकोस. विशारदाने भिंतींना आवाज पिणाऱ्या गाद्या लावल्या, आणि मंडळाने त्या गाद्यांवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या ठोकल्या. आता नटाचा शब्द एका देणगीदारावरून दुसऱ्यावर आपटत घुमटात जातो आणि तिथून कुठं पडेल ते नटराजालाच ठाऊक. चाचणीसाठी मला कविता म्हणायला उभं केलं. मी चौथीतली, चिमणीच्या घरट्याची म्हटली, चालीसकट. माझे डोळे भरून आले, पण समोरच्यांना ओठ हलण्यापलीकडे काही कळलं नाही. एवढ्यात शेवटच्या रांगेत झाडू मारणारा धुळा सतरा नंबरच्या खुर्चीपाशी थांबून ओरडला, "गुरुजी, दुसऱ्या कडव्यात चुकलासा!" अख्ख्या नाट्यगृहाचा आवाज त्या एका खुर्चीवर उतरत होता.

साहजिकच रंगीत तालमीला मी ती खुर्ची धरली. शेजारी आमच्या सौ. बनाबाई. तिच्या कानात मी दोनच वाक्यं बोललो. पहिलं असं, की आपल्या लालासाहेबाला (मंडळाचा अध्यक्ष, माझा जुना विद्यार्थी) शाळेत भूमिती जमली नाही, तिचं त्यानं आता पक्कं बांधकाम केलंय. दुसरं घरगुती होतं. पण आवाज ज्या वाटेने येतो त्याच वाटेने परत जातो, हे मला काय ठाऊक? रंगमंचाला चिकटलेल्या पहिल्या सोफ्यावरून लालासाहेब गर्रकन वळला.

तेव्हापासून मंडळाचा निरोप नाही. घंटा म्हणे आता बटणाची. टिंगटाँग वाजणार आणि कुणी बाई इंग्रजीत स्वागत करणार. मला त्याचं काही वाटत नाही. या वयात माणूस असल्या गोष्टींच्या पलीकडे जातो.

तुझा,
नाथाजी

ता. क. पलीकडे गेलोय हे खरं, पण लालासाहेब तुझा सख्खा भाचा. (वर मुद्दाम लिहिलं नाही.) त्याला एक फोन कर. म्हणावं, गुरुजी दुसऱ्याच लालासाहेबाबद्दल बोलत होते.

ता. क. २. पत्र तुला गुरुवारी मिळेल आणि प्रयोग आज संध्याकाळीच आहे, हे आत्ता लक्षात आलं.

ता. क. ३. तर मग खरं सांगून टाकतो. जुनं नाट्यमंदिर पाडलं तेव्हा तो रूळ मी पोत्यात घालून घरी आणला. पलंगाखाली आहे. कुठं बोलू नकोस.

ता. क. ४. दार वाजलं. लालासाहेब! एकटाच, चपला बाहेर काढून उभा आहे. म्हणतोय, "आवं गुरुजी, बटनाची घंटा वाजंना झालीया. पलंगाखालचा रूळ काढा अन् चला." अमृता, त्या रुळाचं मी बनाबाईशिवाय कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि तिलाही सांगितलं ते सतरा नंबरवर बसून.