पाचवी गोळी

प्रिय गड्या,

तुझं पत्र पोचलं. शिव्या भरपूर घातल्यास, त्यातल्या निम्म्या तरी मला लागू आहेत. निशाणांखालच्या खंदकात बसून भोकं मोजणारा माणूस म्हणजे पोरीचा काका, आणि त्याला चारशे मीटरच्या परीक्षेत तिची एक गोळी पदरात घालता आली नाही? असं तू विचारतोस.

आधी तिचं सांगतो. शंभर मीटरवर तिच्या पाचही गोळ्या एका बशीखाली झाकल्या गेल्या. मी जाम खूश झालो. चारशेवर परातही पुरली नसती. हात तोच, श्वास तोच, पण शंभरावर दोन बोटं सरकलेली गोळी चारशेवर वीतभर सरकते, वर वारा आहेच. चार कशाबशा कागदात बसल्या, पाचवीचा पत्ता नाही. मग तिनं विचारलं, "काका, ती चौथीच्याच भोकातून गेली असेल ना? बाबांची गेली होती तशी?" नाही म्हणालो आणि तिथून उठलो.

तुझी ती एका भोकातली जोडगोळी सव्वीस वर्षं दलात सांगितली जाते. परीक्षेच्या वहीतल्या त्याच शेऱ्यावर तुला गोदामासमोर पाठवलं. चारशे मीटरवर खिडकी, खिडकीत तो बंदूकवाला, त्यानं ढालीसारखी पुढ्यात धरलेली ओलीस बाई. नेम त्याच्यावर होता, पडली ती. तू बंदूक सोडलीस, हसणं सोडलंस. वहिनी सांगतात, घरातल्या खिडकीशी त्या उभ्या राहिल्या की अजून तू त्यांना हाताला धरून बाजूला घेतोस. मलाही ती बाई दिसते रे. भरदुपारी, लख्ख उन्हात, कागद चिकटवताना मागे येऊन उभी राहते. मी मान वळवत नाही. वारा फिरला असेल, असं मी तुला कितीदा म्हणालो. तू म्हणायचास, भोकातून गोळी घालणाऱ्याचा नेम चुकतो कसा, मीच कुठेतरी ढिला पडलो.

तू ढिला पडला नव्हतास. तुझ्या परीक्षेच्या दिवशी कागदावर चारच भोकं होती. पाचवी गोळी हातभर डावीकडे मातीच्या बांधात रुतली होती, मी स्वतः ती उकरून काढली. महिन्यावर तुझं लग्न आलेलं, बढती अडू नये, म्हणून लिहिलं, दोन एकाच भोकातून. शंभरावर असं क्वचित होतं. चारशेवर जवळजवळ होतच नाही, आणि ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तू नापास होतास, गड्या. त्या खिडकीसमोर तुला मी पाठवलं. लेकीलाही तसंच पाठवायला हात धजला नाही. आज साहेबांनाही हेच लिहून दिलं आहे. त्या बाईचं पाप तू इतकी वर्षं वाहिलंस, ते माझं होतं.

तुझाच,
खंदकातला