पथ्य सुटलं

ता. ४ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

इकडे देवाच्या कृपेने दिवस निघतात. ह्यांचं हृदय अशक्त झालंय, तेव्हा स्निग्ध पदार्थ जपून द्या, असं डॉक्टर म्हणाले. मी मॅट्रिक शिकलेली. स्निग्ध म्हणजे लोणी-तेल, एवढंच मला ठाऊक. म्हणून लोणी बंद, तळण बंद, भाजीलाही तेल नाही. काल हे म्हणाले, ह्या घरात देवापुढच्या दिव्याचं नशीब माझ्यापेक्षा बरं, त्याला निदान तेल तरी मिळतं! आपल्या किल्ल्यांच्या दुकानात चाव्या घासायला जाताना मात्र खिशात बेकरीची बिस्किटं असतात. कोरडीच ती, म्हणून मी बोलत नाही. तू इस्पितळात रोग्यांचं जेवण ठरवतेस, नीट समजावून लिही.

आठवण ठेवतेस तशीच ठेव.
तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

अगं, भावोजींवर कसला सूड उगवतेस? तेल सगळं तोडायचं नसतं, अंगाला थोडं लागतंच. भाजीला चमच्याने मोजून घाल. थोडे शेंगदाणेही चालतील. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायची तुझी जुनी काटकसर मात्र सोड. आणि ती बिस्किटं! हाताला कोरडी लागतात, पण पिठातच वनस्पती तूप मळलेलं असतं. कागदावर ठेवून बघ, डाग उमटेल. भावोजींना सांग, मेव्हणीने चोरी पकडली.

माया आहे ती वाढू दे.
धाकटी

ता. २ मे

चि. धाकटीस, अ. उ. आ.

कागदाच्या परीक्षेत बिस्किटं सपशेल नापास. हे रुसले, पण सोडली.

आज आनंदाची बातमी. मध्यंतरी ह्यांच्या पायांवर सूज आली, जिना चढवेना, दुकान बंद पडलं. मी घाबरून गेले होते. पण आज डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता पथ्याचा त्रास देऊ नका, मनाला येईल ते खाऊ द्या. औषधंसुद्धा कमी केली! येताना लोण्याचं अख्खं पाकीट आणलं. रोजच्या हिशेबात ते लिहिताना पहिल्यांदाच जिवावर आलं नाही.

देवाने ऐकलं गं. तूही हात जोड.
ताई

ता. ६ मे

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ताई, आमच्याकडेही डॉक्टर असं सांगतात. रोगी बरा झाला म्हणून नव्हे. आता पथ्याने काही हाती लागायचं नाही, म्हणून. हे कागदावर लिहावं लागतंय, मला क्षमा कर. रजा मिळताच निघते.

धाकटी

ता. ९ मे

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र मोरीत जाऊन वाचलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला. किती पाणी वाया गेलं कोण जाणे.

बाहेर आले तर ह्यांच्यापुढे पाव तसाच. लोणी वितळून बशीत उतरलेलं. मला म्हणाले, कधीपासून विचारीन म्हणतोय, माझं पथ्य का गं सोडलंस? तू चमचा मोजायचीस, ओरडायचीस, तेव्हा वाटायचं, अजून पुष्कळ जगायचंय.

मी बशी उचलली. भाजीला तेल मोजून घातलं, त्यांना दिसेल असं. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि चव नाही म्हणून कुरकुरले. किती दिवसांनी कुरकुरले!

तू ये, पण डोळे पुसून ये. आल्याआल्या त्यांना चांगलं दटाव, आणि पुढच्या वर्षीपर्यंतचं पथ्य सांग.

वाट पाहते.
ताई